महाडचे लुगडे आणि आजच्या आपल्या लेकी



विहाराची स्मरणिका म्हटली की विहार कसा उभा राहिला, जागा कुणी दिली, चिरे कुणी वाहिले, हा इतिहास त्यात येतो. तो यायलाच हवा. पण आपल्या समाजाचा आणखी एक इतिहास आहे, जो कोनशिलेवर कोरलेला नसतो. तो आपल्या आया-आज्यांच्या अंगावरच्या लुगड्याचा आहे. तो आज सांगायचे कारण म्हणजे अलीकडे वाडीवाडीत एक बोलणे वरचेवर कानावर पडते. "चेडू गोव्याक कामाक जाता, पँट घालता, कोणाच्या गाडयेर बसान येता. हाताभायर गेला ता!" बोलणारा बोलून मोकळा होतो. पण त्या एका वाक्यापायी कुणाचे कॉलेज सुटते, कुणाची नोकरी सुटते, तर कुणाचे लग्न घाईघाईने उरकले जाते. मुलीने काय केले, हे कुणी विचारत नाही. तिने काय घातले होते आणि ती कुणाबरोबर दिसली, एवढ्यावर निकाल लागतो.

असा निकाल लावण्याची रीत कुठून आली आणि ती कुणाविरुद्ध वापरली गेली, हे आपण जरा मागे जाऊन बघू या.

कपडा म्हणजे जातीची पाटी

जुन्या काळी माणसाची जात विचारावी लागत नसे, ती लांबून दिसत असे. कुणी काय नेसावे, कुठल्या धातूचा दागिना घालावा, पायांत वहाण घालावी की नाही, हे सगळे ठरलेले होते. आपल्या बायकांचे लुगडे आखूड, गुडघ्यापर्यंत. गळ्यात गळसऱ्या, हातांत कथलाच्या नाहीतर चांदीच्या गोटपाटल्या, त्या कोपरापर्यंत. सोने घालायचे नाही आणि पायघोळ नेसायचे नाही, कारण ते वरच्यांचे. म्हणजे आधी आखूड नेसायला लावायचे आणि मग आखूड नेसते म्हणून तिला हलकी ठरवायची, असा हा न्याय!

कुणी म्हणेल, अंग नीट झाकावे एवढेच तर लोकांचे म्हणणे असते, त्यात वाईट काय? त्यांनी त्रावणकोरचा इतिहास बघावा. आजच्या केरळच्या दक्षिण भागात आणि कन्याकुमारी जिल्ह्यात तेव्हा त्रावणकोर संस्थान होते. तिथे शाणार, म्हणजे आजच्या नाडार समाजाच्या बायकांना वरच्या जातींसमोर छाती झाकायला बंदी होती. मिशनऱ्यांच्या शाळेत गेलेल्या आणि ख्रिस्ती झालेल्या बायका अंग झाकू लागल्या, तेव्हा भरबाजारात त्यांचे कपडे फाडले गेले. अनेक वर्षे हा झगडा चालला, दंगली झाल्या. शेवटी १८५९ साली संस्थानने जाहीरनामा काढून अंग झाकायची मुभा दिली. पण त्यातही अट होती, की वरच्या जातीच्या बायकांसारखे नेसायचे नाही.

बघा, तिथे अंग झाकणारी बाई गुन्हेगार ठरली, आणि आज आपल्याकडे थोडे कमी झाकणारी. म्हणजे प्रश्न कपडा किती हात लांब आहे याचा कधीच नव्हता. बाईने आपल्या मनाने नेसायचे की दुसऱ्याने ठरवून दिलेले, हाच खरा प्रश्न होता.

महाडला बदललेले नेसण

या प्रश्नाला आपल्या समाजाने पहिले जाहीर उत्तर दिले ते महाडला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली. परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नव्हते, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली, हेही आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच परिषदेत परमपूज्य बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, ही गोष्ट घाईत एका ओळीत उरकली जाते.

बाबासाहेबांच्या सांगण्याचा मतलब असा होता : तुमचे आखूड लुगडे, तुमच्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या गोटपाटल्या ही तुम्ही अस्पृश्य असल्याची खूण आहे. ती टाका. लुगडे फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. मुलींना मुलांसारखेच शिकवा. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला नि मुलाला जेवण वाढू नका.

बायकांनी ते ऐकले आणि तिथल्या तिथे अमलात आणले. महाडच्या टिपणीस आणि चित्रे या चळवळीबरोबर असलेल्या कायस्थ घरांतल्या स्त्रियांनी त्यांना पायघोळ नेसायला मदत केली. आल्या तेव्हा आखूड लुगड्यात होत्या, परत गेल्या त्या घोट्यापर्यंत नेसून. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली काढले. चळवळीतल्या स्त्रियांच्या अशा कितीतरी गोष्टी त्यात नोंदलेल्या आहेत.

आता इथे नीट विचार करायला हवा. बाबासाहेबांनीसुद्धा बायकांना काय नेसावे हे सांगितलेच, मग आज वाडीतल्या वडीलधाऱ्याने सांगितले तर बिघडले कुठे, असे कुणी विचारील. बिघडते ते इथे. महाडला दुसऱ्याने अंगावर ठोकलेली पाटी काढायची होती. "तुम्ही हलक्या आहात म्हणून असे नेसा" असे जग सांगत होते, त्याला "आम्ही हलक्या नाही, आम्ही तसे नेसणार नाही" हे उत्तर होते. बाईला खाली मान घालायला लावणारे ते बोलणे नव्हते, मान वर करायला लावणारे होते. आज एखाद्या मुलीच्या कपड्यावरून तिला हलकी म्हणणारा माणूस बाबासाहेबांचे सांगणे पुढे नेत नाही. महाडला काढून फेकलेली पाटी तो पुन्हा उचलून तिच्या गळ्यात बांधतो.

शीलाच्या नावाने

कपड्याच्या पुढची पायरी म्हणजे चारित्र्य. महाराष्ट्रात यावर पहिला रोखठोक सवाल एका बाईने केला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचे वडील सत्यशोधक समाजाचे. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लग्नावेगळे झालेले मूल मारल्याच्या आरोपावरून तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात फाशी टळली. पण तेवढ्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या वागणुकीवर, त्यांच्या नव्या चालीरीतींवर तोंडसुख घेतले गेले. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहून पुण्यात छापले. त्यांचा सवाल साधा होता. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? विधवा एकटी गरोदर राहते काय? मग फास एकटीलाच का? पुस्तकावर टीका झाली, तेव्हा महात्मा फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. आणि का राहणार नाहीत? अशा फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणून जोतिबा-सावित्रीबाईंनी १८६३ सालीच पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. लोक अशा बाईला नावे ठेवत होते, आणि या दोघांनी तिच्यासाठी दार उघडे ठेवले.

आपल्या मुलखातही ही गोष्ट नवी नाही. सावंतवाडी संस्थानात आणि पलीकडे गोव्यात देवळांना वाहिलेल्या भाविणी होत्या. देवापुढे दिवाबत्ती, झाडलोट त्यांनी करायची, आणि देवळाबाहेर त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलायला गाव मोकळे. ज्यांनी त्यांना वाहिले त्यांना कुणी काही म्हणत नसे. गोव्यातल्या कलावंत आणि देवळी घराण्यांनी पुढे गोमंतक मराठा समाज म्हणून संघटना उभारली, मुलींना शिकवले आणि ही प्रथा मोडली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण सावंतवाडी तेव्हा वेगळे संस्थान होते, ते १९४८ साली विलीन झाले. महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलनाचा नवा कायदा २००५ चा आहे. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही.

आपल्या समाजातही मुरळ्या, जोगतिणी होत्या. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांची आणि कामाठीपुऱ्यातल्या बायकांची सभा घेतली. त्यांचे बोलणे कडक होते. हे जिणे सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण ते सभेत बोलावून, समोरासमोर सांगितले. त्या बायकांना आपल्या मानून सांगितले. पाठीमागे कुजबुज करणे वेगळे आणि हे वेगळे.

कोर्टात आणि खैरलांजीत

चारित्र्याच्या कुजबुजीला पुढे कायद्याच्या पुस्तकातही जागा होती, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १५५ मध्ये एक पोटकलम होते. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई मुळात चांगल्या चालीची नाही, असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडता येत असे. म्हणजे आरोपीने काय केले यापेक्षा बाई कशी आहे, यावरच वकिलाचा भर!

याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्यातले, मथुरा प्रकरण म्हणून प्रसिद्ध असलेले. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सेशन कोर्टाने आरोपींना सोडले, कारण काय तर मुलीला आधीपासून शरीरसंबंधाची सवय होती. हायकोर्टाने शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टाने १९७८ साली पुन्हा सोडले, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. तेव्हा १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पण चारित्र्याचे ते पोटकलम रद्द व्हायला २००३ साल उजाडले. वैद्यकीय तपासणीत बाईला 'सवय' आहे का, हे दोन बोटांनी बघण्याची घाण पद्धत तर त्याहूनही पुढे चालू राहिली. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ती बाईच्या सन्मानाविरुद्ध ठरवली, आणि २०२२ साली बजावले की जो डॉक्टर अशी तपासणी करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

आणि खैरलांजी? ते नाव घेताना अजून हात थरथरतो. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातले मोहाडी तालुक्यातले गाव. भोतमांगे हे आपले बौद्ध कुटुंब. सुरेखाताई जमिनीसाठी झगडणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या, एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढे साक्ष द्यायला न घाबरलेल्या. त्या, मुलगी प्रियांका, मुलगे सुधीर आणि रोशन, चौघांना गावच्या जमावाने ठार मारले. भैयालाल तेवढे वाचले. आणि मारल्यावर काय पसरवले? की बाईचे बाहेर संबंध होते, म्हणून गाव चिडले! जमिनीचे भांडण बाजूला, जात बाजूला, साक्ष बाजूला. बाईची चाल पुढे. कितीतरी दिवस या कुजबुजीच्या आड खरा गुन्हा झाकला गेला. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० साली हायकोर्टाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद केली.

धम्मभगिनींनो, इतिहासातून एवढे एक ध्यानात घ्या. ताठ मानेने उभ्या राहिलेल्या बाईला खाली पाडायचे असले, की पहिला दगड तिच्या चारित्र्यावर मारतात. तो दगड स्वस्त असतो आणि त्याला पुरावा लागत नाही. सुरेखाताईंवर जो मारला, तोच दगड वाडीतल्या मुलीवर मारताना आपल्या हातात काय आहे, याचा विचार करायला नको काय?

तथागतांनी काय केले

आता कुणी म्हणेल, पण पंचशीलात तिसरे शील आहे ना? आहेच. व्यभिचारापासून अलिप्त राहण्याचे ते शील स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारखेच आहे. ते मुलीचा कपडा मोजायची पट्टी नव्हे. आणि त्याला लागूनच चौथे शील आहे, खोटे न बोलण्याचे. अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा तर चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड यांनाही मना करते. तिसरे शील दुसऱ्याच्या मुलीला लावताना चौथे स्वतःच्या जिभेला लावायचे असते, हे सोयीने विसरले जाते.

पटाचाराची कथा आपण वर्षावासात ऐकतो. नवरा गेला, दोन्ही मुले गेली, आईबाप आणि भाऊ गेले. दुःखाने भान हरपले, अंगावरचे वस्त्र गळून पडले. लोकांनी वेडी म्हणून तिच्यावर माती-कचरा फेकला. ती जेतवनात आली तेव्हा तिथल्यांनी अडवायला बघितले. तथागत म्हणाले, येऊ द्या. एका माणसाने आपले उपरणे तिच्यावर टाकले. आधी आत घेतले, मग वस्त्र दिले, हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तीच बाई विनय जाणणाऱ्या भिक्षुणींत पहिली गणली गेली.

काशीची अड्ढकासी ही गणिका होती. तिला उपसंपदेसाठी श्रावस्तीला जायचे होते, पण वाटेत गुंड टपून बसलेले. तेव्हा बुद्धांनी "वाट धोक्याची आहे, तू घरी बस" असे म्हटले नाही. तिची उपसंपदा दूत पाठवून होऊ शकेल, असा नवा नियम केला. आणि उप्पलवण्णा भिक्षुणीवर एका माणसाने अत्याचार केला, तेव्हा तथागतांचा निर्णय विनयपिटकात नोंदलेला आहे : तिची संमती नव्हती, तिच्याकडे दोष नाही. आपल्या कोर्टांना आणि कायद्याला जे कळायला इतकी वर्षे लागली, ते तिथे एका वाक्यात निकालात निघाले.

आपल्या दोडामार्गात

आपला तालुका १९९९ साली झाला. पण आपल्या माणसांचे पोट त्याच्या कितीतरी आधीपासून गोव्याला बांधलेले आहे. म्हापसा, डिचोलीच्या बाजूला कारखान्यांत, दुकानांत, हॉटेलांत, हॉस्पिटलांत कामाला जाणाऱ्यांत आता आपल्या मुलीही आहेत. कुणी नर्सिंगची, कुणी पॅकिंगची, कुणी काउंटरवरची. पाळी संपून गाडी मिळेपर्यंत काळोख होतो. कंपनी देईल तो युनिफॉर्म घालावा लागतो, पँट असली तर पँट. त्याच पगारातून घराचे चिरे येतात, धाकट्या भावाची फी जाते, आणि विहाराच्या वर्गणीची पावतीही त्यातूनच फाटते. वर्गणी घेताना तिचे कपडे कुणी बघत नाही. मग एरवी का बघायचे?

नाक्यावर टवाळी करणारे बसतात, हे खरे. पण अड्ढकासीच्या वेळेला बुद्धांनी जे केले, ते आपण करावे. मुलीला घरात न बसवता वाट नीट करावी. उशिरा येणाऱ्या मुलींसाठी वाडीतल्या तरुण मंडळाने दिवा नि सोबत बघावी, पण पाळत ठेवू नये. मुलाला घरातच शिकवावे की शीळ घालणारा, फोटो काढून मोबाईलवर फिरवणारा तो बिघडलेला, जिचा फोटो फिरला ती नव्हे. त्यासाठी कायदाही आहे. २०१३ सालापासून पाठलाग करणे आणि बाईचे खाजगी फोटो काढणे, फिरवणे हे स्वतंत्र गुन्हे आहेत. अशी गोष्ट घडली तर मुलीला बोल लावत बसू नये, तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जावे.

विहारात वंदनेला आपण पांढरे नेसतो, ती आपली प्रेमाची रीत आहे. ती राहावी. पण कामावरून धावत आलेली एखादी मुलगी पँटमध्येच दारात उभी राहिली, तर काकींनी, वयनींनी तिला "ये गो बाय, बस" म्हणावे. पायरीवरून परत गेलेली मुलगी पुन्हा येत नाही, आणि लेकी यायच्या थांबल्या तर पुढच्या वर्धापन दिनाला त्रिसरण म्हणायला आपण म्हातारीच उरू.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला हजारो दलित स्त्रियांची परिषद भरली होती. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचे बाबासाहेब तिथे बोलले. मोजायचेच असेल तर ते मोजावे. आपल्या वाडीतल्या किती मुली बारावीपुढे गेल्या, किती जणींच्या नावावर बँकेत खाते आहे, किती जणींना स्वतःच्या मर्जीने लग्नाला हो किंवा नाही म्हणता आले, याचा हिशेब महिला मंडळाने दरवर्षी विहारात मांडावा. कपड्याची लांबी मोजायचे काम मनुस्मृतीचे होते, आणि ती तर आपल्या आज्यांच्या डोळ्यांदेखत महाडला जळाली.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.